नळीतलं आभाळ

परवा स्कूटीत पेट्रोल भरताना हातावर चार थेंब सांडले. थंडगार लागले आणि क्षणात उडून गेले. लोक हात पुसून निघतात, मी मात्र हात सुकेपर्यंत बघत राहते. मागचा हॉर्न वाजवतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी गोंदियाजवळच्या धावपट्टीवर मी विमान चालवायला शिकत होते. त्या सकाळी पहिल्यांदा एकटी उडणार होते, पाय एका जागी ठरत नव्हते. विमान रात्रभर पावसात उभं होतं, म्हणून टाकीच्या तळातून काचेच्या नळीत थोडं पेट्रोल काढलं. त्यात पाणी असलं की ते खाली बसतं आणि मध्ये रेघ दिसते. रेघ नव्हती. विमानाचं पेट्रोल निळसर असतं. नळी उंच धरली, निळी दिसली. "चांगलं आहे," म्हणत मी निघालेच.

इंधन भरणारे आमगावचे बिसेनकाका आडवे आले. त्यांनी नळी घेऊन खांद्यावरच्या पांढऱ्या दुपट्ट्यासमोर धरली.

"आता काऊन निळं नाही दिसून राहिलं?"

मग माझ्या तळहातावर ओतली. "पेट्रोल राहिलं असतं त हात कवाच सुकला असता, पोरी."

हात ओलाच होता. नळीभर नुसतं पाणी, मग रेघ कुठून दिसणार? निळं दिसलं ते मागचं आभाळ होतं.

माझं उड्डाण रद्द झालं. आणि मी, धडधाकट, जमिनीवर, दिवसभर काकांवर रुसून बसले: त्यांनी माझा दिवस वाया घालवला म्हणून.