केळीच्या धाग्याएवढं अंतर

केळीच्या खोडाच्या ओल्या सोपटाचा तुरट, गार वास आला की मला आमचं वसईतलं जुनं शाकारलेलं घर आठवतं, आणि उशिरा परतलेले बाबा आठवतात. दुसऱ्याच्या शिडाच्या होडीवर ते मजुरीला असत. केळ्यांचे घड घेऊन होडी मुंबईला जायची आणि परतीची वेळ वारा ठरवायचा. असेच ते गेलेले असताना आजी वारली. मुंबई तशी समोरच, तरी बाबा पोचले तेव्हा कबर बुजवून झाली होती. हातातली मातीची मूठ कुठे टाकावी हे न कळल्यासारखे ते उभे राहिलेले आईने पाहिले, आणि ते तिच्या मनात कायमचं रुतून बसलं.

पुढे माझ्या धाकट्या बहिणीला, आग्नेसला, परिचारिका झाल्यावर, लंडनच्या इस्पितळात नोकरी मिळाली, तेव्हा आईने एवढंच विचारलं, "माझ्या मातीला पोचशील काय गो?"

आग्नेसने माझ्याकडे पाहिलं. घरातली पहिली पदवीधर मी, तीही भूगोलाची. याचा मला अभिमान होता आणि आहे. दुसऱ्या दिवशी, मी शिकवत असे त्या शाळेतला पृथ्वीचा गोल कळशीसारखा कमरेवर घेऊन मी घरी आले. आई सोपटाच्या धाग्यात मोगरा ओवत होती. त्यातलाच एक ओला धागा घेऊन मी मुंबईपासून लंडनपर्यंत ताणला. तो आपणहून उत्तरेला कलला, कास्पियन समुद्राच्या काठाने गेला.

"सांताक्रूझहून हीथ्रो, सव्वासात हजार किलोमीटर. नऊ-दहा तास."

"आणि वारा पडला तर?"

बाबा ओट्यावरून हसले. "विमानाला शीड नसतं गो."

"तुम्ही नका बोलू. तुम्हाला समोरच्या मुंबईहून येता आलं नाही."

मी म्हटलं, "आई, पोचेल ती. माझा शब्द."

आईने तेवढाच धागा तोडला, गुंडाळला आणि घरातल्या आल्तारावर, मरियेच्या तसबिरीखाली ठेवला. "राहू दे इथे तुझा शब्द."

त्यानंतर कित्येक मोसम मोगरा फुलला. विमानाची घरघर ऐकू आली की खुडणारा तिचा हात क्षणभर थांबायचा, मग मान वर न करता ती पुढची कळी खुडायची.

एका हिवाळी पहाटे आई गेली. लंडनला ट्रंककॉल लावला आणि माती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठेवली. "विलायतेहून कोण येतंय एवढ्यात?" असं लोक म्हणाले; मी मात्र वेळ बदलू दिली नाही. उन्हं चिंचेच्या शेंड्यावर गेली, मेणबत्त्यांचा वास ओल्या मातीत मिसळला, आणि सहारच्या नव्या विमानतळावर उतरून तडक आलेली आग्नेस, अंगात लोकरीचा कोट तसाच, कबरीपाशी येऊन उभी राहिली. बाबांनी तिचा हात धरून तिला पुढे केलं. पहिली मूठ तिने टाकली.

रात्रीची तेर्स, जपमाळेची प्रार्थना, म्हणून झाल्यावर मी आल्तारावरचा धागा उलगडला. वाळून, आक्रसून तो आखूड झाला होता. आता गोलावर लावला असता तर लंडनपर्यंत पुरला नसता.

आग्नेस मात्र पोचली होती.