दोन कॅसेटींची एक

ताईच्या लग्नात व्हिडिओवाल्याने दोन कॅसेटी भरल्या. एकीत लग्न, दुसरीत पाहुण्यांचे सत्कार आणि भाषणं. काकांनी त्याच्या दुकानात बसून दोन्हींची मिळून एक प्रत करून घेतली. टेप निम्म्या वेगाने फिरवली की एका कॅसेटीत दुप्पट मावतं, हा शोध त्यांना नुकताच लागला होता. भाषणं गाळावीत असं कोणी सुचवलं नाही. ज्यांनी ती केली होती ते आमच्या नंदनवन कॉलनीतल्या घरी ती पाहायला येणार होते, आणि आलेही. मूळ कॅसेटी दुकानदाराने ठेवून घेतल्या आणि पुढच्या लग्नांना वापरल्या. पद्धतच तशी होती.

टेप सावकाश फिरली की तेवढ्याच चित्राला फितीवर निम्मी जागा मिळते. कडा विरतात, रंग पसरतात. भाषणांत पाहण्यासारखं काही नसल्याने त्यांचं काही बिघडलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आई गेली. तेरावं झाल्यावर बाबांनी काकांना त्यांचा व्हीसीआर आणायला सांगितला. काकांनी तो स्कूटरवर पायांत धरून आणला.

कॅसेटीत एक जागा आहे. बाबा प्रमुख पाहुण्यांना हार घालताहेत. मागून आई येते, बाबांकडे पाहून काहीतरी बोलते, जरा थांबते आणि जाते. बाबा वळत नाहीत. आवाज फक्त लाउडस्पीकरचा. पाहुण्यांनी भूषवलेली पदं वाचली जात आहेत, आणि ती बरीच आहेत.

"काय म्हणून राहिली गा ती?" बाबांनी मला विचारलं.

मला सांगता येईना. ओठांच्या जागी तपकिरी डाग होता. तिच्या साडीचा लाल रंग पाहुण्यांच्या टोपीवर उतरला होता. चित्र थांबवलं तर नेमके तिच्या तोंडावरून पांढरे पट्टे जायचे. बाबांनी खुर्ची पुढे ओढली, मग आणखी पुढे. जवळून तर ती माणूसही राहिली नाही, नुसत्या रेघा झाल्या.

"इतक्या जवळून नका पाहू भाऊ, डोळे जातीन," काका म्हणाले.

"भाषणं काहून नाही कापली तू?"

"साहेबाचं भाषण कापू? मंग ते पाहाले आले, तवा काय दाखवलं असतं?"

"अन् तुह्या वहिनीले कापलं."

"वहिनीले कुठं कापलं भाऊ? ते पाहा, आहे ना."

होती खरी. काकू म्हणाल्या, "जेवाले चला म्हणल्या असतीन." ते शक्य होतं. पंगत तेव्हा खोळंबलेली होती.

बाबा उठले आणि खुर्ची मागे नेऊ लागले. खोली संपली तिथे, बाहेरच्या दारापाशी, ती टेकली. तिथून डाग ओठांसारखे दिसत. साडी साडीच्या जागी राही. मी मागे जाऊन पाहिलं. आई आईसारखी दिसत होती.

"इथून बरोबर आहे," बाबा म्हणाले.

ती काय म्हणाली ते तिथूनही कळत नव्हतं. त्यांनी ते पुन्हा विचारलं नाही. काका व्हीसीआर घेऊन गेले. खुर्ची दाराशीच राहिली. बातम्याही बाबा तिथूनच पाहत, आणि येणारा-जाणारा त्यांना वळसा घालून आत येई.