परक्यापुढं गप्प

भूमच्या पेठेत भजी तळणाऱ्या रामदुलारीचं माहेर पार कानपुराकडं. कधीतरी मामा येईल, लेकीनं त्याच्याशी बोलावं, एवढ्यासाठी ती चिमुरड्या बिट्टोला घरी हिंदी शिकवायची. हिंदीत मागितल्याबिगर भजं द्यायची न्हाय.

रझाकारांच्या धामधुमीत लोक घरातली हिंदीही रझाकारांची उर्दू समजून डोळे वटारू लागले. काय म्हणावं त्या अकलेला! भीतीपोटी रामदुलारीनं लेकीला धपाटा घालून बजावलं, "पराये के सामने अपनी बोली नहीं!"

धामधूम निवली आणि मामा खरंच आला. आईनं लई विनवलं, पण अनोळखी माणूस बघून बिट्टोनं तोंडावर हातच धरला. "बहन, इतना भी नहीं सिखाया?" म्हणत तो खिन्न होऊन निघाला.

त्याची मोटार दिसेनाशी झाल्यावर बिट्टोनं हळूच विचारलं, "अम्मा, अब बोलूँ?"