चिनी धागा आणि आबांची तुती

हे मी आजवर कुणापुढं बोलले नाही. नवऱ्यापुढंही नाही.

जालन्यात माझं रेशीम धाग्याचं युनिट आहे. कोष यायचे घनसावंगीकडच्या गावांतून. तिथं पहिली तुती लावली काशिनाथआबांनी — माझ्या शब्दावर, उभी कपाशी मोडून. एका उन्हाळ्यात कोष कमी पडले आणि मी चिनी धागा आणला. आपल्या धाग्यात मिसळला, लडीवर चिठ्ठी लावली — जालन्याचं रेशीम.

त्याच महिन्यात शेतकऱ्यांचा मेळावा होता. मी माइक घेतला. चिनी रेशमावर आयात कर वाढवा, नाहीतर आमची तुती मरेल, असं ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या. मागणी खोटी होती का? बिलकुल नाही! आजही त्याच मंडपात तेच बोलेन. खोटी होते ती मी.

मी खाली उतरते तोच माझाच धागा घेणारा पैठणचा विणकर पुढं आला. हातात पैठणीचा तुकडा.

"ताई, रंग बघा कसा पट्ट्यापट्ट्यांनी बसला. ह्यात दोन जातीचा धागा हाय."

सगळे माझ्याकडं बघत होते. आणि मी — विचार करायला वेळ होता बरं का, घाबरून तोंडून निसटलं असं काही नाही — मी म्हणाले, "आबांच्या कोषांत रोग आल्ता. तेच मिसळले गेले."

आबा पहिल्याच रांगेत होते. उठून उभे राहिले.

"बाई, कोष तर तुम्ही सोता हातात घेऊन पाहिल्ते. तवा बराबर होते ना?"

मी पेला उचलला. पाणी प्यायले.

त्यानंतर त्यांचे कोष कुणी घेईना. मीही घेतले नाहीत — घेतले असते तर माझंच बोलणं खोटं पडलं असतं. वर्षाच्या आत आबांनी तुती उपटली. परत कपाशी.

सगळेच मिसळतात, असं मला सांगू नका. मिसळत असतील. त्या मंडपात आबांचं नाव दुसऱ्या कुणी घेतलं नव्हतं. युनिटमधल्या बायकांची चूल चालत होती, हेही नको. त्यांची नावं पुढं करून मी खूप दिवस शांत झोपले.

माफीही मागत नाही. ती मागायची म्हणजे पुन्हा आबांकडूनच काहीतरी घ्यायचं. त्यांच्या कोषांत रोग नव्हता — एवढं पेपरात छापून येऊ दे, माझ्या नावानिशी. आबा वाचतील, गावाला मोठ्यानं वाचून दाखवतील.

दाखवू देत.