बद्द वाजणारी मडकी

माझ्या मडक्यांची सगळ्यात कडक समीक्षक म्हणजे माझी वहिनी. वय अठ्ठ्याऐंशी, शाळा चौथीपर्यंत, मुक्काम लातूर. मडकं पुढ्यात ठेवलं की ती वाकड्या झालेल्या बोटानं त्यावर टिचकी मारते, कान जवळ नेते आणि निकाल देते. निकाल दोनच असतात, खणखणीत नाहीतर बद्द. गेली कित्येक वर्षं माझ्या वाट्याला बद्दच येत होतं.

मी तिच्याहून पाच वर्षांनी लहान. ती लग्न होऊन घरी आली तेव्हा माझ्या वेण्या तिनंच घातल्या, त्यामुळं नणंदेला अहो-जाहो करायची वेळ तिच्यावर कधी आली नाही. पुढं मी चित्रकला शिकायला मुंबईला गेले आणि तिथं पन्नासेक वर्षं कलेत क्रांती करत बसले. कॅनव्हासला चपला ठोकल्या. एका प्रदर्शनात तर नुसती रिकामी खोली मांडली. ते बघायला दादा आडतीचं दुकान बंद ठेवून वहिनीला घेऊन आला होता. त्यानं चारी भिंती नीट निरखल्या आणि माझी लाज राखत हळूच विचारलं, "सामान यायचंय का अजून?" वहिनीनं वेळ घालवला नाही. खोलीच्या मधोमध बसली, फडकं सोडलं आणि भाकरी-चटणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी एका समीक्षकानं माझ्या रिकामेपणावर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या भाकरीवर दोन परिच्छेद. हे मी तिला अजून माफ केलेलं नाही.

पंच्याहत्तरीला मला कंटाळा आला. कामाचा नाही, काम समजावून सांगण्याचा. दादाही त्याच साली गेला. मी लातूरला परतले, मागच्या अंगणात चाक बसवलं, भट्टी बांधली आणि मातीत हात घातला. मडक्याखाली खुलाशाची चिठ्ठी लावावी लागत नाही, असा माझा समज होता. हा समज वहिनीची आणि माझ्या मडक्याची गाठ पडायच्या आधीचा.

पहिलं भांडं मी निळं, चकचकीत, ग्लेझ चढवलेलं केलं. वहिनीनं टिचकी मारली. खणखणीत! मी हवेत. तिनं रात्रभर त्यात पाणी ठेवलं आणि सकाळी एक घोट घेऊन म्हणाली, "हे पाझरंना. पाझरल्याबिगर गार कसं व्हईल? ह्यात लोणचं घाल."

तेव्हापासून मी ईर्षेलाच पेटले. आमच्याकडं मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस असते. सगळं लातूर त्या दिवशी शेतात जेवायला जातं. गावात इतका शुकशुकाट होतो की चहासुद्धा मिळत नाही. शेतात न्यायची अंबिल, म्हणजे ताकातलं ज्वारीचं आंबट-गार पेय, मातीच्या मडक्यातून जाते, आणि ते मडकं कोणतं हे आमच्या घरी वहिनी ठरवते. मला एवढंच हवं होतं. त्या मडक्याच्या जागी माझं मडकं. मुंबईत मिळालेल्या कुठल्याही सन्मानासाठी मी इतकी झुरले नव्हते.

मग मी कंधारला एका म्हाताऱ्या कुंभाराकडं शिकायला जाऊ लागले. त्यांनी माझे हात बघितले आणि म्हणाले, "बाई, तुमी लई इचार करता. मातीला थापा, इचारू नका." मातीत घोड्याची लीद लागते, असंही त्यांनी सांगितलं. लातुरात घोडा कुठून आणायचा? शेवटी लग्नाच्या वरातीत घोडी नेणाऱ्या एका माणसाशी मी ओळख वाढवली. लग्नसराईत मी पिशवी घेऊन वरातीच्या मागं चालायची. लोकांना वाटायचं, आजी नवरदेवाकडच्या.

इतकं करूनही दर साली बद्द. "थंडीत वाळलं न्हाई." बद्द. "काठ जाड केलास." बद्द. आणि अंबिल बाजारच्या मडक्यातून शेतात. बाकीचं जग माझ्याशी फार गोड वागत होतं. डॉक्टर म्हणत, आता आराम करा. पुण्याहून कॅमेरा घेऊन आलेली मुलं म्हणाली, नव्या पिढीला शेवटचा संदेश द्या. शेवटचा! मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

मागच्या साली येळवस बारा दिवसांवर असताना मी एक मडकं घेऊन वहिनीकडं गेले. इतका सुबक घाट माझ्या हातून कधी उतरला नव्हता. तिनं टिचकी मारली, कान लावला. पुन्हा मारली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "वाजलं का गं?"

तिचे कान कधी गेले हे घरात कुणाला कळलंच नव्हतं, कारण बोलायची ती आणि ऐकायचो आम्ही. नातवानं कानाचं मशीन आणून दिलं होतं, ते डबीत पडून होतं. मी डबीकडं बोट दाखवलं.

"त्येच्यात बद्द बी खणखणीतच वाजतंय," ती म्हणाली. "तूच वाजव अन् सांग."

मी टिचकी मारली. बद्द. काठाखाली केसाएवढी चीर होती.

खोटं बोलायला किती सोपं होतं! ती विश्वास ठेवणार होती, मडकं शेतात जाणार होतं. शिवाय स्वतःच्या कामाला वाईट म्हणायची मला सवयच नव्हती. त्यासाठी समीक्षक असतात.

"बद्द," मी पुटपुटले.

"आं?"

"बद्द हाय!"

"काय म्हणतीस?"

"बद्द हाय, वहिनी, बद्द!" मी इतक्या जोरात ओरडले की भिंतीपलीकडची शेजारीण धावत आली आणि विचारू लागली, "कोण पडलं?"

वहिनीनं मडकं माझ्या हातात परत दिलं. "मग दुसरं कर की. बारा दिवस हायत."

मला आधी रागच आला. गुडघे माझे, वय माझं, आणि ही म्हणते दुसरं कर. अंगणात येऊन बसले आणि मग लक्षात आलं, गेल्या कित्येक वर्षांत मला असं कुणी म्हटलंच नव्हतं. मी हुंदके देऊन रडले. तिला ऐकू येत नव्हतं हे एक बरं होतं. मग उठून माती भिजत घातली.

बारा दिवस पुरले नाहीत. एक भट्टीत फुटलं, एक वाकडं झालं. माझ्या भरवशावर बाजारचं मडकं आणायचं राहिलं, म्हणून अंबिल स्टीलच्या घागरीतून गेली आणि वहिनीनं ती तोंड वाकडं करून प्यायली. तिसरं मडकं येळवशीच्या दुसऱ्या दिवशी निघालं. मी ते तिच्यापुढं वाजवलं आणि ओरडून सांगितलं, "खणखणीत!"

ह्या वेळी तिनं परत विचारलं नाही. मडकं पदरानं पुसलं, आतून हात फिरवला आणि सुनेकडून फळीवर पालथं ठेवून घेतलं.

"ह्येला कुणी हात लावू नका," ती म्हणाली. "पुढल्या येळवशीचं हाय." मग माझ्याकडं वळली. "अन् तू काय बघतीस? झाकण कोण करणार?"