सांगायचा राहिलेला भागाकार

ती घरीच कपडे शिवायची. तिची स्वतःची शाळा चौथीतच सुटलेली. लेक मात्र हुशार निघाली. पण सहावीत पोरीच्या मूत्रपिंडांनी दगा दिला, सारख्या दवाखान्याच्या वाऱ्या सुरू झाल्या आणि गणित मागे पडलं. तेव्हा आईनं शाळा सुटताना गणिताच्या बाईंना गाठलं. म्हणाली, “मला शिकवा. मी घरी जाऊन तिला शिकवते.”

बाई आधी हसल्या, मग खडू घेऊन फळ्याशी उभ्या राहिल्या. रोज एक उदाहरण. आई रस्ताभर ते पुटपुटत घरी यायची.

अपूर्णांकांनी मात्र तिला घाम फोडला. पाऊण अधिक एक षष्ठांश. तिनं वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली, आणि ऐटीत सांगितलं, “चार दशांश.”

“आई, पाऊण मीटर कापडाला तू तुकडा जोडलास आणि कापड अर्ध्या मीटरहून कमी झालं?” लेक उशीत तोंड खुपसून हसली. “आधी छेद सारखे कर. दोन्हींचे बारा. मग नऊ आणि दोन, अकरा. अकरा बारांश.”

“मग मी कशाला मरायला शाळेत जाते? तूच शिकव.”

“तू जात जा. तू चुकलीस की मला नीट कळतं.”

एका दुपारी लेक दवाखान्यात होती, बाप उशाशी बसला होता. डॉक्टर म्हणाले होते, आज बरी आहे. म्हणून आई भागाकार शिकायला गेली. परत येईतो खाट रिकामी होती, चादरही बदललेली होती.

त्यानंतर ती शाळेची वाट टाळून लांबच्या गल्लीनं जाऊ लागली. शिलाई मशीन चालायचं, पण ती कुणाशी फारसं बोलेना.

वर्षभरानं बाईच घरी आल्या.

“मी त्या दिवशी गेले नसते तर,” आई म्हणाली आणि थांबली. बाईंनी तिचा हात धरला.

“तो भागाकार मला समजला होता, बाई. तिला सांगायचा राहिला.”

“मला सांगा.”

आईनं शिवणाचा खडू उचलला आणि कापडाच्या चिंधीवर लिहिलं. “अर्धा भागिले पाव. पाव उलटा करायचा, म्हणजे चार. मग गुणायचं. अर्धे चोक दोन.” तिनं उत्तराखाली रेघ ओढली.

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. मग दोघी रडल्या.