मागायचं नाही, असं ठरवून

त्या वर्षी देवीकडं काही मागायचं नाही, असं ठरवूनच मी माहूरचा गड चढले. लग्नाला आठ वर्षं झाली होती. उपास, अंगारे, ओट्या सगळं करून झालं होतं. लातूरला माझी तीनदा तपासणी झाली आणि तिन्ही वेळा काही निघालं नाही. यांची एकदाही झाली नव्हती. हे कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. सासूबाई म्हणायच्या, भूकंपात देवानं माझं लेकरू ढिगाऱ्यातून काढून दिलं, त्याच्यात खोट कशी असंल? तेव्हा बारा वर्षांच्या असलेल्या यांच्या दोन्ही जांघांची त्यानंतर ऑपरेशनं झाली होती, हे मात्र कुणी आठवत नव्हतं.

सासूबाईंनी हातात नारळ दिला आणि मूल होईपर्यंत अनवाणी राहायचा नवस बोलायला सांगितलं. गाभाऱ्यापुढं उभी राहून मी मनात म्हणाले, नाही बोलत. आई असशील तर तुला ठाऊक आहे. नारळ ठेवला आणि बाहेर आले. राग आवरत नव्हता, म्हणून पायरीवर बसले. सासूबाई अजून आतच होत्या.

शेजारी एक म्हातारी बसली होती, नायगावकडची. तिनं तिच्या हातातला प्रसादाचा कुटलेला तांबूल अर्धा मला दिला. का कोण जाणे, त्या अनोळखी बाईला मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मालकाला तपासलंय का?"

मी नाही म्हणाले.

"मग देवीला कामून कोड्यात टाकून राहिलीस, बाई? माझ्या लेकाचं बी असंच होतं. नांदेडला दाखवलं. बी हाय, वाट बंद हाय, म्हणले डॉक्टर. आता दोन नातवंडं शाळेत जातेत."

तेवढ्यात तिची माणसं आली आणि ती उठून गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

घरी येऊन मी यांना म्हणाले, "तुम्ही शेकडो पोरांना फळ्यावर ती नळी काढून दाखवता. स्वतःची तपासायला काय हरकत आहे?" तिसऱ्या दिवशी क्लासला सुट्टी टाकून माझ्याबरोबर नांदेडला आले.

वीर्यात एकही शुक्राणू नव्हता. रिपोर्ट वाचून हे स्वतःच पुढच्या तपासण्यांची तारीख घेऊन आले. पुढच्या तपासण्यांनंतर डॉक्टरांनी समजावलं की शुक्राणू तयार होताहेत, बाहेर यायचा मार्ग बंद आहे, बहुधा त्या जुन्या ऑपरेशनांमुळं. सुईनं ते आतून काढायचे, प्रयोगशाळेत एकेक शुक्राणू एकेका स्त्रीबीजात सोडायचा आणि तयार झालेला गर्भ माझ्या पोटात ठेवायचा.

इकडं आमच्या चाकूरच्या घरी रिपोर्टचं कुणाला ठाऊक नव्हतं, तिथं यांच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी निघाली. मामा, काका जमले होते. मी स्वयंपाकघरात न थांबता बैठकीच्या दारात येऊन उभी राहिले. सगळ्यांचं बोलून झाल्यावर हे म्हणाले, "खोट माझ्यात हाय. तिच्यात न्हाई. पुन्हा हा विषय काढायचा न्हाई." सासूबाई उठून आत गेल्या. महिनाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

पहिल्या वेळी गर्भ टिकला नाही. त्या आठवड्यात मी देवाला दिवा लावला नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. दुसऱ्या वेळी निघताना सासूबाई आपली पिशवी घेऊन आपणहून गाडीत येऊन बसल्या. दवाखान्यात दिवसभर माझ्या उशाशी होत्या.

मुलगी झाली. बारशाला बायका विचारत होत्या, कुठला नवस फळला? नवस नव्हता, असं सांगून मी उपचाराचं नाव सांगितलं. यांची त्याला ना नव्हती. त्या म्हातारीला कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. ती भेटली, एवढं मला पुरतं. शरण जाणं मला इतकंच कळलंय. खरं काय ते मान वर करून आईपुढं ठेवायचं, आपल्या हातात आहे ते करायचं आणि उरलेलं तिच्यावर सोडायचं. तिनं सांभाळलं. तिचे उपकार मी कधी विसरणार नाही.